उष्णता वाहते कशी, समतोल येतो कसा: सांख्यिकीय यामिकीतले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर विद्यार्थी, नेट-सेटची तयारी करणारे आणि स्वतः सिम्युलेशन लिहिताना अडकलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो. ‘कण पुष्कळ असले की समतोल येणारच’ आणि ‘समतोल येत असेल तर फुरिएचा नियम (उष्णतेचा प्रवाह तापमानाच्या उताराच्या प्रमाणात) लागू होणारच’ अशी दोन गृहीतकं आपण नकळत धरतो. दोन्ही चुकीची आहेत, आणि ती वेगवेगळ्या कारणांनी चुकतात. साखळीविषयीच्या (स्प्रिंगांनी एका ओळीत जोडलेल्या कणांविषयीच्या) उत्तरांत कणाचं वस्तुमान, स्प्रिंगचा स्थिरांक, दोन कणांमधलं अंतर आणि बोल्ट्समन स्थिरांक हे सगळे १ धरले आहेत.

१. समतोल आणि स्थिर अवस्था यांत फरक काय? दोन्हींत काहीच बदलत नाही ना?

बदलत नाही हे खरं, पण समतोलात काही वाहतही नाही. एक मीटर लांब आणि एक चौरस सेंटीमीटर छेदाची तांब्याची कांडी घ्या. तिचं एक टोक १०० अंश सेल्सिअसला आणि दुसरं शून्य अंशाला धरून ठेवा. काही वेळाने प्रत्येक बिंदूचं तापमान ठरून जातं. तरीही कांडीतून सुमारे ४ वॅट उष्णता सतत वाहत असते, कारण तांब्याची वाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे. ही असमतोल स्थिर अवस्था. तीत एन्ट्रॉपी दर सेकंदाला सुमारे ०.००४ जूल प्रति केल्विन इतकी तयार होत राहते. टोकं सोडवून कांडी उष्णतारोधकात गुंडाळली की सगळीकडे एकच तापमान येतं, प्रवाह थांबतो आणि एन्ट्रॉपीची निर्मितीही थांबते. तो समतोल.

२. एका कणाला तापमान असतं का? सिम्युलेशनमध्ये प्रत्येक कणाचं तापमान कसं काय काढतात?

एका क्षणी एका कणाला फक्त ऊर्जा असते. तापमान हे सरासरीचं नाव आहे. एकमितीय साखळीत एखाद्या कणाच्या वेगाच्या वर्गाची दीर्घकाळची सरासरी म्हणजे त्या जागेचं तापमान. मात्र या आकड्याला तापमान म्हणायचं, तर तिथे स्थानिक समतोल असायला हवा. तपासणी सोपी आहे: वेगाच्या चौथ्या घाताची सरासरी काढा आणि तिला वर्गाच्या सरासरीच्या वर्गाने भागा. उत्तर ३ च्या जवळ आलं तर वेगांची वाटणी गाउसीय आहे, निदान या कसोटीपुरती. स्पष्टपणे वेगळं आलं, तर तुम्ही मोजलेली राशी गतिज ऊर्जा आहे, तापमान नव्हे.

३. समतोल यायला किती वेळ लागतो?

इथे दोन घड्याळं असतात आणि ती वेगळी ठेवावीत. स्थानिक समतोल टक्करींमुळे येतो. खोलीच्या तापमानाला हवेचा रेणू सरासरी ७० नॅनोमीटरच्या आसपास जाऊन दुसऱ्यावर आदळतो, म्हणजे एका सेकंदात काही अब्ज टक्करी होतात. त्यामुळे स्थानिक समतोल नॅनोसेकंदाच्या आतच साधतो.

संपूर्ण वस्तूचा समतोल विसरणाने, म्हणजे उष्णता हळूहळू पसरत जाऊन, येतो आणि त्याला लागणारा वेळ लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दोन्ही टोकांचं तापमान बांधलेल्या कांडीत सर्वात संथ बदलाचा काळ म्हणजे लांबीचा वर्ग भागिले (पायचा वर्ग गुणिले विसरणांक). तांब्याचा औष्णिक विसरणांक ०.०००११ चौरस मीटर प्रति सेकंद आहे. त्यामुळे एक मीटरच्या कांडीला सुमारे १५ मिनिटं लागतात, तर १० सेंटीमीटरच्या कांडीला फक्त ९ सेकंद. एवढ्या काळात फरक साधारण एक-तृतीयांशावर येतो. तो १ टक्क्याच्या खाली जायला याच्या पाचपट वेळ धरावा.

४. न्यूटनचे नियम काळ उलटवला तरी तसेच राहतात. मग समतोल एकाच दिशेने का येतो?

लोश्मिटने १८७६ मध्ये बोल्ट्समनला हाच प्रश्न विचारला होता. उत्तर नियमांत नाही, मोजणीत आहे. १०० रेणू डब्यात मोकळे सोडले, तर ते सगळे एकाच वेळी डाव्या अर्ध्या भागात असण्याची शक्यता सुमारे १० च्या ३० व्या घातात एक इतकी असते. खऱ्या डब्यात रेणू १०० नसतात, १० च्या २० व्या घाताहूनही जास्त असतात. म्हणजे जिथून एन्ट्रॉपी कमी होईल अशा अवस्था अस्तित्वात आहेत, पण त्यांच्यावर नेमकं बोट ठेवणं अशक्यप्राय आहे.

किती अशक्य, ते संगणकावर पाहता येतं. सिम्युलेशन थांबवा, सगळे वेग उलटे करा आणि पुढे चालवा. सुरुवातीला व्यवस्था खरोखर मागे जाते. पण पूर्णांकन दोष १० च्या उणे १६ व्या घाताइतका असतो आणि केऑसमुळे (किंचितसा फरकही झपाट्याने वाढत जाण्यामुळे) तो घातांकी वाढतो. ल्यापुनोव्ह घातांक, म्हणजे या वाढीचा दर, ०.१ असेल, तर सुमारे ३७० एकक काळात हा दोष १ च्या घरात पोचतो आणि परतीची वाट हरवते. स्थानं पूर्णांकांत साठवून व्हर्ले पद्धत (स्थानं पावलापावलाने पुढे नेण्याची, उलटवता येणारी रीत) वापरली, तर मात्र व्यवस्था तंतोतंत परत येते. नियम उलटे चालतात याचा हा स्वच्छ पुरावा.

५. फर्मी-पास्ता-उलाम-त्सिंगू प्रयोगात नेमकं काय झालं?

लॉस अलामॉसच्या मॅनिअॅक संगणकावर हे गणित चालवलं गेलं. फर्मी नोव्हेंबर १९५४ मध्ये वारले आणि अहवाल मे १९५५ चा आहे. संगणकाचं काम मेरी त्सिंगू यांनी केलं होतं. म्हणून आता त्यांचं नाव जोडून ‘एफपीयूटी’ असं लिहिण्याची पद्धत रूढ होत आहे, आणि ते योग्यच आहे.

स्प्रिंगांनी जोडलेल्या ३२ कणांच्या साखळीची दोन्ही टोकं बांधलेली होती. स्प्रिंगच्या बलात रेषीय भागाबरोबर एक लहानसा वर्गाचा भाग होता आणि त्याचा सहगुणक अल्फा १/४ होता. सुरुवातीला सगळी ऊर्जा सर्वात खालच्या मोडमध्ये (मोड म्हणजे साखळीच्या कंपनाचा एक ठरावीक आकार), म्हणजे एका अर्ध्या साइन लाटेत होती. स्प्रिंग पूर्ण रेषीय असते तर मोड एकमेकांशी बोललेच नसते. थोडी अरेषीयता दिली की ऊर्जा हळूहळू सगळ्या मोडमध्ये सारखी वाटली जाईल, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात ऊर्जा दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या अशा मोजक्या मोडमध्ये गेली, त्यांच्यातच फिरली, आणि पहिल्या मोडच्या सुमारे १५७ आवर्तनांनंतर जवळजवळ सगळी पहिल्या मोडमध्ये परतली. उणीव फक्त काही टक्क्यांची राहिली.

हे गणित आज कोणीही करून पाहू शकतं. पहिल्या मोडची कोनीय वारंवारिता ०.०९८ आहे, म्हणजे एक आवर्तन ६४ एककांचं. मूळ गणितात कालपावलाचा वर्ग १/८ होता, म्हणजे पाऊल ०.३५. परतफेड दिसायला सुमारे ३०,००० पावलं पुरतात. साध्या लॅपटॉपवर याला काही सेकंदच लागतात. सांख्यिकीय यामिकी शिकणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी करावं. समवाटणीचं प्रमेय पाठ असणं आणि ती वाटणी होत नसलेली समोर पाहणं यांत फार अंतर आहे.

६. मग ती साखळी समतोलाला कधीच येत नाही का?

येते, पण वेळ प्रचंड लागतो. अल्फा साखळीचं (प्रश्न ५ मधल्या साखळीचं) विभव टोडाच्या साखळीच्या विभवाशी तिसऱ्या घातापर्यंत जुळतं. टोडाची साखळी पूर्णपणे एकात्मनीय आहे: जितके कण तितक्या अक्षय राशी, त्यामुळे ती कधीही समतोलाला येत नाही. कमी ऊर्जेला अल्फा साखळी बराच काळ या साखळीसारखीच वागते. झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी १९६५ मध्ये परतफेडीचं कारण सॉलिटॉनमध्ये (आकार न बदलता धावणाऱ्या एकट्या लाटांमध्ये) शोधलं, तेही याच चित्राचं दुसरं अंग. २०१५ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार १६ ते ६४ कणांच्या अल्फा साखळीत समवाटणी सहा लहरींच्या अनुनादातून होते आणि तिचा काळ अरेषीयतेच्या उणे आठव्या घातासारखा वाढतो. अरेषीयता निम्मी केली की वाट २५६ पट लांबते!

‘माझी साखळी समतोलाला येत नाही’ असं लिहिणाऱ्यांनी आधी प्रतिकण ऊर्जा पाहावी. मूळ प्रयोगात, लाटेची कमाल उंची १ धरली तर, एकूण ऊर्जा ०.०७७ होते, म्हणजे प्रतिकण ०.००२४. बीटा साखळीत (बलात घनाचा भाग, सहगुणक १) प्रतिकण ऊर्जा १ च्या आसपास ठेवली, तर समतोल फार लवकर येतो. अल्फा साखळीत मात्र ऊर्जा वाढवून पाहू नका. तिच्या विभवाला एका बाजूला तळच नाही. अल्फा १/४ असताना अडसराची उंची फक्त २.६७ आहे. एखाद्या स्प्रिंगने तो ओलांडला की साखळी कोसळते आणि पडद्यावर नुसते ‘नॅन’ (उत्तर संख्याच नसल्याची खूण) दिसू लागतात. अल्फा आणि बीटा दोन्ही भाग ठेवा.

७. साध्या हार्मोनिक साखळीत फुरिएचा नियम का मोडतो?

फुरिएचा नियम (१८२२) म्हणतो की प्रवाह तापमानाच्या उताराच्या प्रमाणात असतो. म्हणजे तापमानफरक तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर प्रवाह निम्मा व्हायला हवा. रीडर, लेबोविट्झ आणि लीब यांनी १९६७ मध्ये हार्मोनिक (फक्त रेषीय स्प्रिंगांच्या) साखळीचं अचूक उत्तर काढलं: लांबी कितीही वाढवा, प्रवाह तेवढाच राहतो. मधल्या भागात तापमानाला उतारच नसतो. सगळे कण दोन टोकांच्या सरासरी तापमानाला असतात.

कारण असं, की हार्मोनिक साखळीत फोनॉन (कंपनलहरींचे पुंज) एकमेकांवर आदळत नाहीत. उष्ण टोकाला सुटलेली लहर अडथळ्याविना थंड टोकाला पोचते. या उत्तरात एक चमत्कारिक तपशीलही आहे: उष्ण टोकाच्या अगदी शेजारच्या कणांचं तापमान सरासरीपेक्षा किंचित *कमी* येतं आणि थंड टोकाशेजारी किंचित जास्त. तुमच्या आलेखात हे दिसलं तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

८. अरेषीयता घातली की फोनॉन आदळतात. मग फुरिएचा नियम मिळायला हवा ना?

इथेच दुसरं गृहीतक कोसळतं. एफपीयूटी साखळी पुरेशा ऊर्जेला समतोलाला येते, तापमानाला उतारही मिळतो, पण वाहकता लांबीबरोबर वाढतच जाते. कारण संवेग. कण फक्त एकमेकांना बांधलेले असले तर एकूण संवेग अक्षय राहतो आणि लांब तरंगलांबीच्या लहरींना मरण नसतं. त्या फार दूरपर्यंत ऊर्जा नेतात. ओनुत्तम नारायण आणि श्रीराम रामस्वामी यांनी २००२ मध्ये दाखवलं की अशा एकमितीय व्यवस्थेत वाहकता लांबीच्या १/३ घाताप्रमाणे वाढते. म्हणजे लांबी हजारपट केली तर वाहकता दहापट. सममित विभव आणि शून्य दाब असलेल्या बीटा साखळीत आकडे ०.४ च्या आसपास मिळतात, तर द्रवगतिकीय सिद्धांत १/२ सांगतो. हा वाद मिटलेला नाही.

प्रत्येक कणाला जमिनीशी बांधणारं अरेषीय विभव घातलं (फाय-फोर साखळी), तर संवेग अक्षय राहत नाही आणि फुरिएचा नियम व्यवस्थित मिळतो. अपवादाचाही अपवाद आहे: रोटर साखळी (शेजाऱ्यांशी जोडलेल्या, गोल फिरणाऱ्या घटकांची). तीत संवेग अक्षय असूनही वाहकता मर्यादित राहते, कारण शेजारचे रोटर एकमेकांवरून घसरून पूर्ण फेरी मारू शकतात. त्यामुळे ताणाची राशी अक्षय राहत नाही आणि ध्वनिलहरी टिकत नाहीत. ‘संवेग अक्षय म्हणजे वाहकता अनंत’ असं सरसकट लिहिलेलं आढळलं, तर ही साखळी आठवा.

९. मग खऱ्या तांब्याच्या तारेत किंवा सिलिकॉनमध्ये नियम का चालतो?

तांब्यात उष्णता मुख्यतः इलेक्ट्रॉन नेतात, आणि ते जालकाच्या कंपनांवर आणि अशुद्धींवर आदळून संवेग गमावतात. सिलिकॉनसारख्या स्फटिकात फोनॉनच वाहक असतात. तिथे पायर्ल्सने १९२९ मध्ये सांगितलेल्या उमक्लाप टक्करी (ज्यांत फोनॉनचा एकूण संवेग टिकत नाही) प्रवाहाला रोध करतात.

पुष्कळ जण इथे विचारतात की उमक्लाप एकमितीय साखळीतही होतं, मग तिथे ते का पुरत नाही? कारण लांब तरंगलांबीच्या फोनॉनवर त्याचा परिणाम फार क्षीण असतो. तीन मितींत अशा फोनॉनची संख्याच इतकी कमी असते की त्यांच्या वाट्याची बेरीज मर्यादित राहते. एका मितीत ती राहत नाही. दोन मितींची स्थिती काठावरची आहे: वाहकता लांबीच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढेल असा सिद्धांत आहे. कार्बन नॅनोनळ्यांत नियम मोडल्याचं २००८ मध्ये मांडलं गेलं, पण तिथे टोकांच्या जोडणीचा रोध वेगळा काढणं फार अवघड असतं (प्रश्न १२ पाहा).

१०. कणांची वस्तुमानं यादृच्छिक घेतली तर?

अशी अव्यवस्था प्रवाहाला अडवते, पण हार्मोनिक साखळीत तिने फुरिएचा नियम मिळत नाही. वरच्या वारंवारितेचे मोड जागच्या जागी अडकतात आणि खालचे मोड तसेच पार जातात. साधा लँजेव्हाँ थर्मोस्टॅट (घर्षण आणि यादृच्छिक बल लावून टोकाचं तापमान राखणारी युक्ती) वापरला तर टोकं बांधलेली असताना वाहकता लांबीच्या उणे १/२ घाताप्रमाणे *घटते*, आणि टोकं मोकळी असताना अधिक १/२ घाताप्रमाणे *वाढते*. नुसतं टोक बांधल्याने उत्तर उलटतं, म्हणून निकाल लिहिताना टोकांची अट लिहिलीच पाहिजे. खऱ्या पदार्थात समस्थानिकं हेच काम करतात. नैसर्गिक हिऱ्यात कार्बन-१३ फक्त १.१ टक्के असतो. तो ०.१ टक्क्यावर आणला की खोलीच्या तापमानाला वाहकता सुमारे ५० टक्क्यांनी वाढते.

११. स्वतः सिम्युलेशन करायचं आहे. सुरुवात कशी करू?

बीटा साखळी घ्या, कण ६४, टोकांची तापमानं १.२ आणि ०.८. टोकाच्या एकेका कणाला लँजेव्हाँ थर्मोस्टॅट जोडा, घर्षणांक १. बाकीच्या कणांसाठी वेग-व्हर्ले पद्धत, पाऊल ०.०१. थर्मोस्टॅट लावण्याआधी ऊर्जा टिकते का ते पाहा. पाऊल निम्मं केल्यावर ऊर्जेतली चढउतार एक-चतुर्थांश झाली पाहिजे. तशी झाली नाही तर बलाच्या सूत्रात चूक आहे.

सर्वात जास्त पत्रं ज्या चुकीबद्दल येतात ती यादृच्छिक बलाची. या बलाचा आकार दोन गुणिले घर्षणांक गुणिले तापमान *भागिले पाऊल*, या सगळ्याचं वर्गमूळ असा असतो. पावलाने भागायचं राहून गेलं, तर टोकाच्या कणाला मिळणारं तापमान मूळ तापमान गुणिले पाऊल इतकं येतं. पाऊल ०.०१ असेल तर शंभरपट कमी! टोकं गारठलेली दिसली की आधी हीच ओळ तपासा.

प्रत्येक जोडणीवरचा प्रवाह म्हणजे डाव्या कणाने उजव्यावर लावलेलं बल गुणिले दोघांच्या वेगांची सरासरी. स्थिर अवस्थेत प्रत्येक जोडणीवर हा आकडा एकच यायला हवा. डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी दिसला, तर साखळी अजून तापते आहे. मोजणी थांबवा, आणखी चालू द्या. कणसंख्या दुप्पट केली की हा प्रारंभीचा काळ किमान दुप्पट आणि विसरणशील साखळीत चौपट धरा. तसंच दोन्ही टोकांना १.० तापमान देऊन एकदा चालवा. प्रवाह त्रुटीच्या मर्यादेत शून्य यायला हवा. त्रुटी काढताना लागोपाठचे आकडे स्वतंत्र मानू नका. मोठ्या गटांच्या सरासरी घ्या.

शेवटी वाहकता म्हणजे प्रवाह गुणिले लांबी भागिले तापमानफरक. ६४, १२८, २५६ असं २०४८ पर्यंत जा आणि लॉग-लॉग आलेखाचा चढ प्रत्येक जोडीसाठी वेगळा काढा. एकच सरळ रेषा बसवून घातांक जाहीर करू नका. असममित विभवाच्या काही साखळ्यांत वाहकता हजारो कणांपर्यंत सपाट दिसते आणि त्यानंतर पुन्हा वाढू लागते.

नोझे-हूव्हर थर्मोस्टॅट (यादृच्छिक बलाऐवजी बदलतं घर्षण लावणारा) वापरणाऱ्यांना एक इशारा: एकट्या हार्मोनिक आंदोलकावर तो योग्य वाटणी देत नाही. त्याची कसोटी अशा आंदोलकावर घेऊन ‘थर्मोस्टॅट बिघडला’ असा निष्कर्ष काढू नका.

१२. टोकाशी तापमानाची उडी दिसते. थर्मोस्टॅट १.२ चा आहे, पण जवळच्या कणाचं तापमान १.१ येतं. का?

हा सीमारोध आहे. कापित्झाने १९४१ मध्ये द्रव हेलियमच्या पृष्ठाशी अशीच उडी पाहिली होती. घर्षणांक फार लहान असेल तर थर्मोस्टॅट साखळीला नीट पकडत नाही. फार मोठा असेल तर टोकाचा कण जवळजवळ गोठतो आणि येणाऱ्या लहरी परतवतो. दोन्हीकडे उडी वाढते. १ च्या आसपासचा घर्षणांक सहसा चांगला. लांबी वाढवली की उडीचा वाटा कमी होतो. वाहकता मधल्या अर्ध्या भागाच्या उतारावरूनही काढा आणि प्रश्न ११ मधल्या आकड्याशी ताडून पाहा. मात्र एफपीयूटीसारख्या साखळीत तापमानाचा आलेख टोकांशी मुळातच वाकलेला असतो. तो वाक उडी समजून छाटून टाकू नका.

१३. ग्रीन-कुबो सूत्राने काढलेली वाहकता थेट मोजलेल्या वाहकतेशी जुळत नाही. चूक कुठे?

हे सूत्र समतोलातल्या प्रवाहाच्या चढउतारांचा सहसंबंध काळावर समाकलित करून वाहकता देतं. तीन जागा तपासा. पहिली, एकूण संवेग शून्य केला होता का? साखळी संपूर्णच सरकत असेल आणि दाब शून्य नसेल, तर प्रवाहाचा सहसंबंध शून्यावर येतच नाही आणि समाकलन फुगत जातं. दुसरी, कुठे थांबलात? अक्षय संवेगाच्या साखळीत सहसंबंध काळाच्या उणे २/३ घाताप्रमाणे घटतो, त्यामुळे समाकलनाला मर्यादा नाही. ध्वनीला साखळी ओलांडायला लागणाऱ्या काळापाशी ते तोडावं लागतं. तिथून प्रश्न ८ मधला १/३ येतो. तिसरी, भाजक: सूत्रात तापमानाचा *वर्ग* आणि एकूण लांबी दोन्ही येतात.

१४. फुरिएच्या समीकरणात उष्णता क्षणार्धात दूरवर पोचते. हे खरं कसं?

ते खरं नाही. टक्करींमधल्या काळापेक्षा लहान कालावधीत ते समीकरण लागू पडत नाही, आणि त्यापुढे दूरवरचा भाग इतका क्षुल्लक असतो की व्यवहारात अडचण येत नाही. काही शुद्ध स्फटिकांत कमी तापमानाला उष्णता चक्क लहरीसारखी धावते. तिला द्वितीय ध्वनी म्हणतात. द्रव हेलियममध्ये पेश्कोव्हने तो १९४४ मध्ये मोजला, आणि २०१९ मध्ये ग्रॅफाइटमध्ये तो १०० केल्विनच्या वरही आढळला.

१५. हे सगळं अभिजात झालं. क्वांटम व्यवस्थेत काय बदलतं?

व्यवहारातली पहिली गोष्ट: हिऱ्याचं डिबाय तापमान (ज्याच्या बरंच खाली वरचे कंपन-मोड गोठतात) २००० केल्विनच्या वर आहे. त्यामुळे ३०० केल्विनला त्याचे बहुतेक वरचे मोड गोठलेले असतात. अशा पदार्थाचं अभिजात सिम्युलेशन सगळ्या मोडना सारखी ऊर्जा वाटतं आणि आकडे चुकवतं. दुसरी: एका मोडमधून जाऊ शकणाऱ्या उष्णतेला वरची मर्यादा असते. १ केल्विनला ती सुमारे ०.९५ पिकोवॅट प्रति केल्विन आहे, आणि ती २००० मध्ये मोजली गेली.

समतोलाबाबत चित्र ओळखीचं आहे. २००६ मध्ये रुबिडियमचे अणू एकमितीय नळ्यांत हजारो वेळा एकमेकांवर आदळवले गेले, तरी त्यांच्या संवेगांची वाटणी समतोलाला आली नाही. कारण ती व्यवस्था जवळजवळ एकात्मनीय होती, प्रश्न ६ मधल्या टोडाच्या साखळीसारखी. एकात्मनीय नसलेल्या क्वांटम व्यवस्था समतोलाला का येतात, याचं आज सर्वात पटणारं उत्तर डॉइच (१९९१) आणि श्रेडनिकी (१९९४) यांच्या गृहीतकात आहे. त्यानुसार प्रत्येक ऊर्जा-अवस्था, स्थानिक मोजमापापुरती, स्वतःच समतोलासारखी दिसते. मोठ्या अव्यवस्थेत हे गृहीतक मोडतं का, यावर अजून जोरात काम चालू आहे.